मनात मोजलेलं धरत नाहीत

खेळाला पंच नसतो हे अमृतने पहिल्याच रविवारी सांगितलं आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. मी विचारलं, मग भांडण झालं तर मिटवायचं कुणी? तो म्हणाला, ज्या दोघींचं झालं त्याच दोघींनी. मी म्हटलं, अमृत, तुझं लग्न झालंय का? बायका हसल्या, तो लाजला आणि माझा प्रश्न तसाच राहिला. या खेळातले माझे निम्मे प्रश्न असेच हसण्यावारी गेले.

आमच्या महिला मंडळात दरवर्षी संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा व्हायचा. त्याच त्या बायका जिंकायच्या आणि स्टीलचे डबे घरी न्यायच्या. यंदाच्या अध्यक्षीणबाई दातांच्या डॉक्टर, त्यांना काहीतरी नवीन हवं होतं. त्यांनी हा अमृत, मोहोळकडचा पोरगा, शोधून आणला. पुण्यात शिकताना तो फ्रिस्बी खेळायचा, आता इथल्या एका शाळेत खेळाचा मास्तर आहे. खेळाचं नाव अल्टिमेट. तबकडी एकमेकींकडे फेकत पुढे न्यायची, पलीकडच्या पट्ट्यात आपल्यातल्या कुणी झेलली की एक गुण. तबकडी हातात आहे तोवर पळायचं नाही. इथवर मला कळलं. पुढे मोजणी आली आणि माझी वाट लागली.

मोजणी अशी. तबकडी जिच्या हातात, तिच्यासमोर पलीकडच्या संघातली एक जण येऊन उभी राहते. ती आधी ‘स्टॉलिंग’ म्हणते आणि मग एकापासून दहापर्यंत मोठ्यानं मोजते, सेकंदाला एक आकडा. तिच्या तोंडून ‘दहा’ निघायच्या आत तबकडी हातातून सुटली पाहिजे. नाही सुटली तर ती त्यांची.

म्हणजे माझी वेळ माझी वैरीण मोजणार का, असं मी विचारलं. अमृत म्हणाला, व्हय मावशी. मावशी म्हणण्याएवढी मी दिसते का, हा प्रश्न मी गिळला आणि पुढचा विचारला. तिनं भराभरा मोजलं तर? तर मी ‘फास्ट काउंट’ असं म्हणायचं, मग तिनं एक आकडा मागे यायचं. सहा म्हणाली असेल तर पुन्हा पाचपासून. बरं, ती भराभरा मोजतेय हे मला कळणार कसं? मलाही मनात मोजावं लागणार. मग मी मोजू का फेकू? अमृत म्हणाला, सवयीनं येतंय. स्वयंपाकाबद्दल माझी आई असंच सांगायची, त्यामुळे या उत्तरावर माझा विश्वास नाही.

अजून होतं. मोजणारी तीन मीटरच्या बाहेर गेली की मोजणी मोडली, परत आली तर पहिल्यापासून. आणि दहा म्हणताना तबकडी हातात होती की सुटली होती यावर दोघींचं एकमत झालं नाही तर? तर जिच्या हातात होती तिनं ‘कॉन्टेस्ट’ म्हणायचं, खेळ थांबवायचा, दोघींनी समोरासमोर बोलायचं. तरीही नाही जमलं तर तबकडी तिलाच परत आणि मोजणी आठपासून पुढे. आठच का, सात का नाही? अमृतला विचारलं तर नियम हाय, एवढंच म्हणाला.

तेवढ्यात आमच्या संघातल्या रेश्मानं विचारलं की मोठ्यानं मोजायला लाज वाटली तर मनात मोजलेलं चालेल का. रेश्मा माझ्या खालच्या मजल्यावर राहते, तिला सगळ्याचीच लाज वाटते.

‘मनात मोजलेलं धरत न्हाईत,’ अमृत म्हणाला. ‘समोरच्या बाईला ऐकू गेलं तरच ती मोजणी.’

मी पलीकडे पाहिलं. आमचा संघ होटगी रोडच्या नव्या वस्तीतला, समोरचा बाजाराकडच्या बायकांचा. त्यांच्यात, कमरेला ओढणी घट्ट बांधून, नवेकोरे पांढरे बूट घालून दानम्माअक्का उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती. मी बघितल्यावर तिनं मान फिरवली.

अक्का माझी थोरली जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, रोज एका आडत दुकानात एका गादीवर बसतात, दुपारी एका डब्यातली शेंगाचटणी खातात. त्यांचं काही बिघडलेलं नाही. अबोला आहे तो आम्हा दोघींत, दोन वर्षं झाली. आम्ही बाजारातलं घर सोडून फ्लॅटवर राहायला जायचं ठरवलं आणि ते तिला माझ्या आधी दूधवाल्यानं सांगितलं. त्याला कुणी सांगितलं देव जाणे. एवढ्यावरून ती माझ्या वास्तुशांतीला आली नाही. गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा शेजारी थोरली जाऊ नव्हती, आलेली प्रत्येक बाई तिचंच विचारत होती आणि मी तिची तब्येत बरी नाही म्हणून सांगत होते. चूक तिची, हे मी आजही म्हणते. तिचं म्हणणं काय असेल ते मला माहीत नाही, कारण त्यानंतर आम्ही बोललोच नाही.

तेही चाललं असतं. पण पुढच्या महिन्यात वैजूचं लग्न होतं. वैजयंती ही अक्काची एकुलती एक मुलगी. तिच्या शाळेच्या वेण्या मी घातल्या, तिचा दहावीचा अभ्यास माझ्या खोलीत झाला, तिला पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा चहाचा ट्रे तिच्या हातात मी दिला होता. पत्रिका छापून आल्या हे मला नवऱ्याकडून कळलं. आमच्यात पत्रिकेला काही किंमत नसते. घरच्या बाईनं दारात यायचं, कुंकू लावायचं आणि तोंडानं ‘लग्नाला या’ म्हणायचं, हे खरं बोलावणं. नवऱ्याच्या तोंडून आलेलं मी धरत नाही. वैजूचा फोन यायचा, काकू, तू येणार ना म्हणायची. मी म्हणायचे, आईला विचार. मग ती विषय बदलायची.

आणि मला जायचं होतं. वैजूच्या डोक्यावर अक्षता पडताना मी घरात टीव्ही बघत बसलेली असेन, या विचारानं मी चालू टीव्ही बंद करायचे. रोज संध्याकाळी लिफ्टचा आवाज आला की मी कान टवकारायचे. अक्का काही आली नाही.

त्या रविवारी घरी येऊन मी अमरेशला, म्हणजे नवऱ्याला, विचारलं, एखादी बाई दुसरीच्या तोंडासमोर उभं राहून आकडे म्हणत असेल तर ते बोलणं झालं की नाही? तो म्हणाला, आकडे म्हणजे काय बोलणं? दुकानात हमालही म्हणतो. मी म्हटलं, हमाल पोत्याकडे बघून म्हणतो, इथे माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचंय. आणि नियमच आहे की मला ऐकू गेलं पाहिजे. म्हणजे ती मोजेल तर अबोला तिनं मोडला. तो म्हणाला, मग झालं की, मिटलं. पण मिटलं कुठे? तिनं भराभरा मोजलं तर मला ‘फास्ट काउंट’ म्हणावं लागणार, म्हणजे उलट मी तिच्याशी बोलले. मग आधी कोण बोललं? तिनं आकडे म्हटले ते धरायचे का मी तक्रार केली ती? अमरेशनं जेवणाचं ताट उचललं आणि टीव्हीसमोर जाऊन बसला.

मी मात्र मनाशी पक्कं केलं. अक्का समोर आली तर एक तर तिला बोलावं लागेल, नाही तर तिची मोजणी कुणी धरणार नाही. दोन्हीकडून माझाच फायदा, असा माझा हिशोब होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी सातलाच ऊन अंगावर यायला लागलं होतं. आधी पाच गुण करील तो संघ जिंकणार. पहिली काही मिनिटं नुसता गोंधळ होता. तबकडी हातात असताना बायका पळत होत्या, पळू नको म्हटल्यावर तिथेच बसत होत्या, आणि रेश्मा तर मोजताना एकपासून थेट चारवर गेली आणि स्वतःच सॉरी म्हणाली. मग तबकडी माझ्याकडे आली. मी मान वर केली तर समोर अक्का.

तिनं दोन्ही हात पसरले. चेहऱ्यावर घाम, कपाळावरची विभूती विस्कटलेली. तिचे ओठ हलायला लागले. आवाज काही येईना. ती मनात मोजत होती.

हेच मला हवं होतं खरं तर. मोजणी नाही म्हणजे घाई नाही. मी तबकडी धरून तशीच उभी राहिले. त्यांच्या बायका दहा झाले म्हणून ओरडल्या, आमच्या बायका ऐकू आलं नाही म्हणून ओरडल्या. अमृत कडेला हाताची घडी घालून उभा, तो काही बोलायला तयार नाही. आणि मला कळेना की आता पुढे काय. माझ्या बायका सगळ्या अडवलेल्या, फेकायला जागा नाही आणि फेकायची सक्तीही नाही. असं किती वेळ उभं राहायचं? तिचे ओठ केव्हाच थांबले होते. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. दोन वर्षांत तिच्या भांगातले पांढरे केस वाढले होते. हे इतक्या जवळून मी पहिल्यांदा पाहत होते, आणि हा विचार करत असतानाच त्यांच्यातली दुसरी एक बाई मध्ये शिरली, ‘स्टॉलिंग, एक’ असं खणखणीत ओरडली आणि मी घाबरून तबकडी भिरकावली. ती थेट मैदानाबाहेर उभ्या स्कूटींवर पडली.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा त्यांच्या बायकांनी अक्काला घेरलं. एकजण हातवारे करून तिला झापत होती, तोंड उघडायला काय होतं म्हणून. अक्का खाली मान घालून ऐकत होती. मला खूश व्हायला हवं होतं. उलट माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या अक्काला बोलणारी ही कोण? जाऊन तिला दोन शब्द सुनवावेत असं वाटलं, पण मग मी कुणाच्या बाजूनं भांडतेय ते मलाच कळलं नसतं. मी बाटलीचं झाकण लावून परत मैदानात गेले.

चार-चार झाले. आता ज्यांचा गुण त्यांचा सामना. रेश्मानं लाजत लाजत कशी कोण जाणे एक सुंदर फेक करून तबकडी मला दिली. पट्टा अगदी जवळ होता. पट्ट्यात आमची एक बाई मोकळी हात वर करून उभी, कुणालाही दिसावी अशी. फक्त तिला द्यायची होती. आणि धापा टाकत अक्का पुन्हा माझ्यासमोर आली.

या वेळी तिनं तोंड उघडलं.

‘स्टॉलिंग,’ ती म्हणाली. मग, ‘लाभ.’

आमच्या घरात धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, मग दोन, तीन. दुकानात आता वजनकाटे आले, पण घरातली वर्षाची ज्वारी अजून मापानंच कोठीत जाते आणि पहिलं माप लाभाचंच असतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सुगीला मोठ्यानं ‘एक’ म्हटलं होतं. सगळ्यांसमोर सासूबाई काही बोलायच्या आत अक्कानं माझ्या हातातलं माप घेतलं, पुन्हा काठोकाठ भरलं, हातानं सपाट केलं आणि माझ्या वतीनं लाभ म्हणाली. त्यानंतर दरवर्षी ती मापायची आणि मी पोत्याचं तोंड धरायचे. ती ज्या सुरात म्हणायची त्याच सुरात ती आता मोजत होती. दोन. तीन. चार. तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

फेक, फेक, असं रेश्मा ओरडत होती. मला ऐकू येत होतं. हात मात्र हलेना. अक्का अजिबात भराभरा मोजत नव्हती, उलट नेहमीसारखी संथ, प्रत्येक आकड्याला मान हलवत. मी ऐकत उभी राहिले. दोन वर्षांनी तिचा आवाज ऐकत होते, तो थांबू नये असं वाटत होतं, आणि तो दहाला थांबणार हे विसरूनच गेले. ती दहा म्हणाली. तबकडी माझ्या हातातच.

मग जो गलका झाला तो विचारू नका. त्यांच्या बायका उड्या मारायला लागल्या. आमच्या म्हणाल्या, ही मोजणी मोजणीच नाही, ती एक म्हणालीच नाही. दुसरी म्हणाली, मग दोनपासून धरली तर नऊच आकडे झाले. तिसरी म्हणाली, नऊ असले तरी शेवटी दहा म्हटलं ना. रेश्मा माझ्या कानात कॉन्टेस्ट म्हण, कॉन्टेस्ट म्हण असं पुटपुटत होती. अध्यक्षीणबाई अमृतला विचारत होत्या की लाभ हा आकडा आहे का. सगळ्या जणी अमृतकडे वळल्या.

‘मी न्हाई सांगणार,’ तो म्हणाला. ‘ह्या दोघींनी बोलायचं. बाकीच्यांनी मधी पडू नका.’

बायका मागे सरकल्या. काही जणी गवतावर बसल्या, तेवढाच आराम. मध्ये आम्ही दोघी आणि माझ्या हातात ती तबकडी. अक्का ओढणीनं मान पुसत होती. नियमाप्रमाणे आता आधी मी बोलायचं होतं, कारण तबकडी माझ्या हातात होती. पण मोजलं तर तिनं आधी. म्हणजे ती बोलली होती की नव्हती? मी दोन वर्षं ज्या गोष्टीची वाट बघत होते ती होऊन गेली होती का? मला खरंच काही समजेना.

‘दहा म्हणालात तवा हातातच होती,’ मी म्हणाले. खोटं बोलणं मला जमलं नाही.

‘मग फेकायची न्हाई का? ती बाई किती वेळ हात वर करून हुबी होती.’

‘तुमी कुणाच्या संघाच्या? माझी काळजी कशाला करताय?’

अक्कानं बुटाकडे बघितलं. ‘मला कुटं पळायला येतंय,’ ती म्हणाली. ‘तू येणार कळलं म्हणून नाव दिलं.’

मग माझ्यानं राहवलं नाही. आवाज चढला असेल, बसलेल्या बायकांनी माना वर केल्या ते मला दिसलं. ‘वैजूच्या लग्नाचं बोलावणं मला का केलं न्हाई?’

ती माझ्याकडे बघतच राहिली. नियम विचारताना माझा चेहरा जसा होत असेल, तसा तिचा झाला होता.

‘तुला?’

‘व्हय, मला.’

‘घरच्या बाईला कोण बोलावतंय गं?’ अक्का म्हणाली. ‘बोलवायला जायचं असतंय तिनं. थोरली नि धाकटी दोघींनी जायचं, हे तुला ठाव न्हाई? पत्रिका आल्यापास्नं मी कुंकवाची वाटी भरून बसलेय. एका घरी गेले न्हाई अजून. एकटी कुटल्या तोंडानं जाऊ? रोज वाटतंय, आज येशील.’

मी रोज लिफ्टचा आवाज ऐकत होते. ती रोज जिन्याकडे बघत होती.

‘मग सांगायचं की,’ मी म्हणाले.

‘मनात रोज सांगत हुते,’ ती म्हणाली.

मी रडायला लागले. सगळ्या मंडळासमोर, भर उन्हात, हातात तबकडी धरून. अक्कानं तिच्या ओढणीचं टोक माझ्यापुढे केलं, ते घामानं आधीच ओलं होतं. बायकांना वाटलं आमचं कडाक्याचं भांडण लागलंय. आमच्याकडची कुणीतरी म्हणाली, जाऊ दे गं, एका गुणासाठी काय एवढं. अमृत बराच वेळ लांबूनच बघत होता, शेवटी तो घाबरत घाबरत जवळ आला आणि विचारलं, काय ठरलं मावशी?

मी अजून डोळेच पुसत होते, म्हणून उत्तर अक्कानंच दिलं.

‘सोमवारी बोलवायला निघायचं,’ ती म्हणाली. ‘आदी कुंभारीला, मग वळसंगला. दोघी.’